उकडलेल्या दाण्यांचे शहर आणि मराठी प्रेक्षकाचे मत

बंगळूरच्या नावाची एक व्युत्पत्ती शालेय पुस्तकांपासून पर्यटकांच्या माहितीपत्रकांपर्यंत सर्वत्र सांगितली जाते. होयसळ राजा वीरबल्लाळ शिकारीच्या नादात वाट चुकला. एका म्हातारीने त्याला उकडलेले दाणे खाऊ घातले. कृतज्ञ राजाने त्या जागेला 'बेंद काळ ऊरु', म्हणजे उकडलेल्या दाण्यांचे गाव, असे नाव दिले. हा बल्लाळ बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात गादीवर आला. शहराच्या दक्षिणेला बेगूर येथे इ. स. ८९०च्या सुमाराचा एक वीरगळ आहे आणि त्यावर 'बेंगळूरु' हे नाव कोरलेले आहे. म्हणजे राजाची भूक आणि म्हातारीचे औदार्य यांच्या पावणेतीनशे वर्षे आधीच गावाला नाव होते. तरीही लोकांनी वीरगळ बाजूला ठेवला आणि दाणे उचलले. शहराविषयीचे लोकमत पुराव्यावर क्वचितच उभे असते, ते कथेवर उभे असते, याचे हे चांगले उदाहरण होय.

गिरीश कार्नाड यांनी २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कन्नड नाटकाला 'बेंद काळु ऑन टोस्ट' हे नाव दिले, तेव्हा ही कथा त्यांच्या मनात होती हे उघड आहे. दाणे जुनेच, पण आता ते टोस्टवर वाढलेले. २०१३मध्ये पुण्याच्या 'आसक्त' या संस्थेने मोहित टाकळकर यांच्या दिग्दर्शनाखाली ते मराठीत रंगमंचावर आणले. प्रदीप वैद्य यांच्या या अनुवादाचे नाव 'उणे पुरे शहर एक' असे होते. पुढच्याच वर्षी 'बॉइल्ड बीन्स ऑन टोस्ट' या नावाने लिलेट दुबे यांनी ते इंग्रजीत सादर केले. एकाच शहरावरचे, एकमेकांत गुंतलेल्या अनेक कथानकांचे, कुणालाही दिलासा न देणारे हे नाटक अशा रीतीने अल्पावधीत वेगवेगळ्या भाषांतल्या प्रेक्षकांसमोर गेले. अशा नाटकाविषयी प्रेक्षक मत कसे बनवतो, आणि ते बनवताना त्याच्या हाती कोणती परंपरेने दिलेली मापे असतात, हा प्रश्न तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने नाटकाच्या गुणदोषांइतकाच महत्त्वाचा आहे.

हान्स रोबर्ट याऊस यांनी १९६७मध्ये कोन्स्टान्स विद्यापीठात मांडलेली 'अपेक्षांच्या क्षितिजा'ची कल्पना येथे उपयोगी पडते हे खरे. परंतु भारतीय नाट्यविचाराला प्रेक्षकाच्या मताचा प्रश्न नवा नाही. नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय सर्वस्वी त्याच प्रश्नाला वाहिलेला आहे. प्रयोगाची 'सिद्धी' कशी ओळखावी याची चर्चा करताना तेथे मानुषी आणि दैवी असे दोन प्रकार सांगितले आहेत. मानुषी सिद्धीत प्रेक्षकाच्या उद्गारांची यादीच दिली आहे : स्मित, अर्धे हास्य, मोठे हास्य, 'साधु', 'अहो', आणि करुण प्रसंगी निघणारा 'कष्टम्' हा शब्द. दैवी सिद्धीचे लक्षण मात्र निराळे आहे. प्रेक्षागृह भरलेले असावे आणि तेथे ना शब्द, ना क्षोभ, ना उत्पात असावा. म्हणजे शास्त्रकाराने टाळीच्या वर निःशब्दतेला स्थान दिले. त्याच अध्यायात असेही मान्य केले आहे की सगळे प्रेक्षक एकाच गोष्टीने तुष्ट होत नाहीत. तरुणांना जे रुचते ते विरक्तांना रुचत नाही. आदर्श प्रेक्षकाची लक्षणे सांगून झाल्यावर ती सगळी एका माणसात सापडणे कठीण, अशी कबुलीही तेथे आहे. प्रेक्षकाविषयी इतक्या समंजसपणे बोललेले अन्यत्र फारसे आढळत नाही.

मराठी रंगभूमीवर मानुषी सिद्धीचा प्रघात बळावला, आणि त्याला ऐतिहासिक कारण आहे. संगीत नाटकाने प्रेक्षकाच्या हाती 'वन्स मोअर' हे हत्यार दिले. ते पदाला मिळे, गायकाला मिळे, क्वचित एखाद्या प्रवेशाला मिळे. संपूर्ण नाटकाला ते मिळणे शक्यच नव्हते. संगीत नाटक ओसरल्यावरही मत देण्याची रीत तीच राहिली. 'नाटक कुणाचे?' हा मराठी प्रेक्षकाचा पहिला प्रश्न. अमुक नटाने भूमिका 'खाल्ली', तमुक प्रवेश 'काढला', अमक्याने नाटक 'उचलले', हा सगळा शब्दसंग्रह एका व्यक्तीला किंवा एका क्षणाला उद्देशून आहे. ज्या नाटकात कुणीच नायक नाही, कोणताही प्रवेश शिखर म्हणून रचलेला नाही आणि एका कथानकाचा धागा हाती येतो न येतो तोच दुसरा सुरू होतो, त्याच्यासाठी या शब्दसंग्रहात शब्द नाहीत. मग 'तुटक वाटले', 'जमून आले नाही', 'फारच काळोखे' अशा नकारार्थी विशेषणांनी काम भागवले जाते. ही विशेषणे नाटकाच्या दोषांविषयी जितके सांगतात, तितकेच मापाच्या मर्यादेविषयीही सांगतात.

ही अडचण केवळ मराठीची नाही. माक्सिम गोर्कीचे 'तळघर' हे नाटक १९०२मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने रंगमंचावर आणले, त्यातही एका निवाऱ्यात गोळा झालेली माणसे आहेत, कथानक असे फारसे नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट ऑल्टमन यांचा 'शॉर्ट कट्स' (१९९३) आणि मेक्सिकोचा 'आमोरेस पेरोस' (२०००) यांनी गुंफलेल्या कथानकांची रीत चित्रपटात रूढ केली. पण चित्रपटाला कॅमेरा असतो. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना तो प्रेक्षकाचा हात धरून नेतो. रंगमंचावर हे काम प्रेक्षकाने स्वतःच करायचे असते. म्हणूनच अशा नाटकांविषयीचे मत हे बहुधा प्रेक्षकाच्या श्रमांविषयीचे मत असते.

कन्नड आणि मराठी यांचा रंगभूमीवरचा व्यवहार नवा नाही. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, आणि त्यांवरून चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३मध्ये 'सीतास्वयंवर' उभे केले, हे मराठी रंगभूमीच्या प्रत्येक इतिहासाच्या पहिल्या पानावर असते. १८८०मध्ये 'शाकुंतल' आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे कर्नाटकातल्या गुर्लहोसूरचे. पुढे संगीत नाटकाने हे ऋण व्याजासह परत केले. धारवाड-हुबळीकडच्या कन्नड कंपन्यांवर मराठी पदांची छाया दीर्घकाळ राहिली. माथेरानला १९३८मध्ये जन्मलेले, कोंकणी घरात आणि शिरसी-धारवाडच्या वातावरणात वाढलेले कार्नाड या व्यवहाराचेच अपत्य होत. कन्नड हे त्यांनी लेखनासाठी केलेले निवडीचे माध्यम. मराठी ही त्यांच्या कानावरची भाषा. 'उंबरठा'मधला (१९८२) त्यांचा वकील पती मराठी प्रेक्षक अजून विसरलेला नाही.

तरीही, किंबहुना म्हणूनच, कार्नाडांविषयीची मराठी अपेक्षा फार ठाम होती. विजय तेंडुलकरांनी अनुवादलेला 'तुघलक' १९७१मध्ये 'आविष्कार'ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली केला, आणि अरुण सरनाईक त्यात सुलतान झाले. 'हयवदन'चा अनुवाद चिं. त्र्यं. खानोलकरांचा, ते नाटक आणि पुढे 'नागमंडल' ही विजया मेहतांच्या हाताखालून मराठी प्रेक्षकाकडे गेली. 'तलेदंड' उमा कुलकर्णी यांनी आणले. इतिहास, पुराणकथा, लोककथा यांतून वर्तमानाकडे तिरकस पाहणारा नाटककार, ही प्रतिमा चाळीस वर्षांत पक्की झाली. 'तुघलक'चे मोठेपण पुष्कळसे या तिरकस पाहण्यात होते. १९६४चे हे नाटक नेहरूयुगाच्या भंगलेल्या स्वप्नांचे आहे असे प्रेक्षकांनी ठरवले, आणि चौदाव्या शतकातल्या दिल्लीच्या बाजारातली फसवणूक त्यांना ओळखीची वाटली. काळाचे अंतर प्रेक्षकाला हुशार होण्याची संधी देते. रूपक आपण उलगडले याचे समाधान त्याला मिळते. 'बेंद काळु'मध्ये ही संधीच काढून घेतलेली आहे. 'ओडकलु बिंब', 'मदुवे अल्बम' आणि हे नाटक अशी कार्नाडांची उत्तरायुष्यातली वाट समकालीन शहरी घराकडे वळली, तेव्हा कार्नाड-नाटक पाहायला आलेल्याला उलगडायला काही उरले नाही. त्याला समोर दिसले ते आपलेच स्वयंपाकघर.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. मराठी प्रेक्षकाला काळोख सोसत नाही, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. 'गिधाडे' १९७०मध्ये श्रीराम लागूंनी रंगमंचावर आणले, तेव्हा सेन्सॉरचा आक्षेप रमाच्या लुगड्यावरच्या लाल डागावर आला. डाग निळा करावा लागला, आणि तो लाल समजावा असे प्रेक्षकांना प्रयोगापूर्वी सांगितले जाई. प्रेक्षकांनी निळा डाग लाल म्हणून पाहिला. प्रेक्षकाच्या सहभागाचे याहून नेमके उदाहरण मराठीत दुसरे नसावे. 'घाशीराम कोतवाल' १९७२च्या डिसेंबरमध्ये आले आणि एकोणीस प्रयोगांनंतर थांबवले गेले. थांबवण्यामागे नाटकाच्या विदारकतेपेक्षा नाना फडणिसांच्या चित्रणावरून उठलेला रोष होता, आणि त्यातूनच 'थिएटर अकॅडमी' ही नवी संस्था जन्मली. 'सखाराम बाइंडर'चा लढा कमलाकर सारंगांनी न्यायालयात नेला आणि जिंकला. 'बाइंडरचे दिवस' या त्यांच्या पुस्तकात त्या काळच्या प्रेक्षकमताचे जे दर्शन घडते, ते कोणत्याही समीक्षाग्रंथात सापडणार नाही. या तिन्ही प्रकरणांत प्रेक्षक विभागले गेले, भांडले, पण नाटक कशाविषयी आहे याबद्दल त्यांच्यात मतभेद नव्हता.

अनेक कथानकांची गुंफणही मराठीला परकी नाही. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि १९७९मध्ये जब्बार पटेलांनी 'सिंहासन' हा चित्रपट केला. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगारपुढारी, तस्कर, झोपडपट्टीतला बेकार तरुण, आमदारांच्या बायका-सुना अशी पात्रांची गर्दी. शेवटी सगळे पाहून झालेला पत्रकार दिगू टिपणीस रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. याहून निराशाजनक शेवट मराठी पडद्यावर क्वचितच झाला असेल. तरी हा चित्रपट लोकांनी आपला मानला, आणि अजूनही सरकारे पडू लागली की त्याचे नाव निघते. असे का व्हावे? एक तर सगळे धागे एका खुर्चीला बांधलेले आहेत. मुंबईचा कोणताही कोपरा दाखवला तरी प्रेक्षकाला माहीत असते की ही वाट शेवटी त्या खुर्चीकडेच जाणार. दुसरे म्हणजे प्रेक्षकाच्या वतीने पाहणारा दिगू तेथे आहे. निळू फुले यांच्या चेहऱ्यावर प्रेक्षकाचे मत आधीच उमटलेले असते. त्याला ते स्वतः घडवावे लागत नाही. (जाता जाता : 'सिंहासन'मधले मुख्यमंत्री अरुण सरनाईक, म्हणजे आठ वर्षांपूर्वीचे 'तुघलक', आणि दोन्ही ठिकाणी शब्द तेंडुलकरांचे. मराठी प्रेक्षकाला सत्तेचा चेहरा एकाच नटातून दोनदा दिसला, याचा परिणाम मोजता येत नसला तरी तो झाला नसेल असे म्हणवत नाही.)

महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५मध्ये विजया मेहतांनी 'कलावैभव'तर्फे केले. धरणगावच्या देशपांड्यांच्या त्या घरात एक नव्हे, सात-आठ कथा एकाच वेळी चालू असतात : भास्करचा हेका, वहिनींचा मूक सोशिकपणा, मुंबईच्या सुधीरचे अपराधी उपरेपण, शिक्षणाविना राहिलेली प्रभा, राबणारा चंदू, सिनेमावेडी रंजू, आणि अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, जो एखाद्या पात्राइतकाच बोलतो. कुणाचेच भले होत नाही. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' यांसह ही त्रिनाट्यधारा १९९४मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी सलग सादर केली, तेव्हा एवढा दीर्घ काळोख लोकांनी बसून पाहिला. येथे धाग्यांना बांधणारे खुर्चीऐवजी रक्त आहे. प्रेक्षक एका घरात शिरतो आणि नाती कळली की सगळे कळते. जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये (१९९७) गिरणी संपानंतरचे एक मुंबईकर कुटुंब असेच विस्कटते. तेथेही गिरणगाव घराच्या चौकटीतूनच आत येते. कुटुंब किंवा सत्ता या दोन खुंट्या असल्या की मराठी प्रेक्षक कितीही कथानके आणि कितीही निराशा पेलतो, असे या इतिहासावरून म्हणता येईल. 'उणे पुरे शहर एक'मध्ये या दोन्ही खुंट्या नाहीत.

कार्नाडांच्या नाटकात माणसांना एकत्र आणते ते शहर, आणि तेही नोकरीच्या, भाड्याच्या, योगायोगाच्या व्यवहारातून. अंजना पडबिद्री हे सुस्थित घर. तिचा गिटारमध्ये बुडालेला मुलगा कुणाल. घोड्यांच्या शर्यतींचा नाद असलेली आजी अनसूया. परदेशी नोकरीच्या आशेला भुललेला प्रभाकर तेलंग आणि ती आशा दाखवणारी डॉली अय्यर. विमला आणि मुत्तू या घरकाम करणाऱ्या स्त्रिया. आडनावे पाहिली तरी नाटक अर्धे उलगडते. पडुबिद्री हे उडुपीकडचे किनाऱ्यावरचे गाव, तेलंग हे नाव कारवार-गोव्याच्या बाजूचे, अय्यर तमिळ, मुत्तूही तमिळ. उकडलेल्या दाण्यांच्या या गावात रंगमंचावर उभे राहणारे जवळजवळ प्रत्येक माणूस कुठून तरी आलेले आहे. बंगळूर महानगराची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत सुमारे ५७ लाख होती, ती २०११मध्ये ८५ लाख झाली. दहा वर्षांत अठ्ठावीस लाख माणसे सामावून घेणाऱ्या शहरात कुणाचे कुणाशी नाते आहे हे सांगणारी वंशावळ असू शकत नाही.

आपल्या तीन नाटकांच्या इंग्रजी संग्रहाला लिहिलेल्या प्रस्तावनेत कार्नाडांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले होते. इब्सेनपासूनच्या पाश्चात्त्य वास्तववादी नाटकाचा केंद्रबिंदू म्हणजे दिवाणखाना. पण भारतीय घरात दिवाणखाना ही बाहेरच्यांना सामोरे जाण्याची, सावरून बसण्याची जागा आहे. कुटुंबाचे खरे जगणे, खरी भांडणे आतल्या खोल्यांत आणि स्वयंपाकघरात होतात, आणि तेथे कुणी यावे हे जात ठरवते. दिवाणखाना उसना घेऊन भारतीय वास्तववाद साधणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुराणकथा आणि लोकनाट्याकडे वळण्याचे ते एक समर्थनही होते. 'बेंद काळु'मध्ये ते घराकडे परत आले, पण मधल्या काळात घरच बदलले होते. आता आतल्या खोलीपर्यंत पोचणारी व्यक्ती कुटुंबातली नाही. मोलकरीण हीच अशी एक व्यक्ती, जी स्वयंपाकघरात शिरते, दिवाणखाना पुसते, कपाटे उघडी पाहते आणि संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला परत जाते. दिगू टिपणीस जे काम पत्रकार म्हणून करतो, म्हणजे एका स्तरातून दुसऱ्या स्तरात ये-जा, ते येथे विमला करते. फरक एवढाच की दिगू आपल्याशी बोलतो आणि विमला बोलत नाही.

नाटकाचे मर्म येथे आहे, आणि प्रेक्षकमताचा खरा पेचही येथेच आहे. विमलेवर चोरीचा संशय येतो. तिच्याविषयी जी माहिती हाती येते ती एकमेकींशी जुळत नाही. गुंफलेल्या कथानकांच्या रचनेत प्रेक्षकाला एक विशेषाधिकार मिळतो : कोणत्याही एका पात्रापेक्षा त्याला अधिक माहीत असते. डॉलीचे बोलणे ऐकताना प्रभाकरला जे कळत नाही ते प्रेक्षकाला कळते. पण विमलेपाशी येताच हा विशेषाधिकार संपतो. तिच्याविषयी त्याला मालकिणीइतकेच माहीत असते. आणि तरीही त्याला मत बनवावेच लागते. ती खरी की खोटी, बिचारी की बनेल, हे ठरवताना तो आपल्या सोसायटीतल्या बायकांविषयीच्या अनुभवाकडे, म्हणजे पूर्वग्रहाकडे वळतो. नाटकाविषयीचे मत आणि मोलकरणीविषयीचे मत यांत अंतर उरत नाही. अशा वेळी 'नाटक निराशाजनक आहे' हा शेरा थोडा तपासून पाहावा लागतो. निराशा कुणाची? अंजनेची निराशा आपल्याला कळते, कारण ती सांगितली जाते. विमला निराश आहे की नाही हे आपल्याला ठाऊकच नसते. कदाचित तिच्या लेखी हे शहर गावाकडच्या कुठल्याही शक्यतेपेक्षा बरे असेल. काळोखाचा आरोप नाटकावर होतो, पण दिवा कुठे ठेवायचा हे प्रेक्षागृहातली वरची खुर्ची ठरवत असते.

नाटकाच्या शीर्षकांकडे आता पुन्हा पाहता येईल. 'बेंद काळु ऑन टोस्ट' या कन्नड नावात अर्धे शब्द इंग्रजी आहेत, आणि ते कन्नड प्रेक्षकाला भाषांतराशिवाय कळतात. शहराची भाषिक स्थिती नावातच आहे. शिवाय हे नाटक लिहिले गेले तेव्हा शहर दोन नावांच्या मध्ये होते. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या सूचनेवरून २००५च्या अखेरीस 'बेंगळूरु' या नावाची चर्चा सुरू झाली. अधिकृत बदल १ नोव्हेंबर २०१४ रोजी अमलात आला. नावावर वाद चालू असताना नाटककाराने नावाच्या खोट्या व्युत्पत्तीलाच शीर्षक केले, हा विनोद बंगळूरच्या प्रेक्षकाला लगेच कळणारा होता. इंग्रजी शीर्षकात दाणे राहिले, टोस्ट राहिला, पण 'ऊरु' हरवला. ज्याला दंतकथा ठाऊक नाही त्याला ते इंग्रजी न्याहारीचे नाव वाटेल.

मराठी शीर्षकाने दाणे आणि टोस्ट दोन्ही सोडले, आणि एक वेगळाच करार केला. 'उणापुरा' हा मराठीत मोजमापाचा शब्द आहे. उणीपुरी दहा वर्षे, उणीपुरी चार माणसे, असे आपण म्हणतो, तेव्हा जेमतेम भरणारे, मोजायला गेले तर कमीच निघेल असे काही आपल्या मनात असते. शीर्षकात शहराचे नाव नाही. 'एक' हे सर्वनामासारखे शेवटी येते. त्यामुळे पुण्याच्या प्रेक्षकापुढे हे बंगळूरविषयीचे नाटक म्हणून न येता कोणत्याही शहराविषयीचे म्हणून आले. आणि पुण्याला ते कठीण नव्हते. संगणक-उद्योग, पेठांबाहेर पसरलेल्या वसाहती, रस्तारुंदीत गेलेली झाडे, निवृत्तांचे शांत शहर म्हणून असलेली जुनी कीर्ती आणि तिचा शोक, हे दोन्ही शहरांचे समान धन आहे. मराठी प्रेक्षकाला आपलेपणा मिळाला. पण बंगळूरच्या प्रेक्षकाला असलेला एक अधिकार तो गमावून बसला : 'आमचे शहर असे नाही' असे म्हणून भांडण्याचा अधिकार. घाशीरामाच्या वेळी पुण्याने तो पुरेपूर वापरला होता. शहराचे नाव काढले की रोष निघून जातो, आणि रोष गेला की मताची धारही बोथट होते. अनुवादकाने हे जाणून केले असो वा नसो, प्रायोगिक रंगभूमीच्या प्रेक्षकापुरता हा सौदा फायद्याचा ठरतो असे म्हणावे लागेल; त्या प्रेक्षकाला रूपके आवडतात.

भाषेच्या प्रश्नाला मात्र असा सौदा नाही. बंगळूरच्या स्वयंपाकघरात मालकीण आणि मोलकरीण यांची मातृभाषा बहुधा एक नसते. कन्नड, तमिळ, तेलुगू, दखनी, इंग्रजी यांतून कामापुरती भाषा घडते, आणि कोण कुणाच्या भाषेत बोलते यावरून सत्तेचे नाते कळते. मराठी अनुवादात मोलकरणीला बोली देता येते, प्रमाणभाषेपासूनचे तिचे अंतर दाखवता येते. पण बोलीने जात आणि प्रदेश कळतो, परकेपण कळत नाही. मराठीत सगळे एकमेकांना समजतात. मूळ नाटकातल्या संशयाला जे भाषिक अस्तर आहे ते अशा रीतीने गळून पडते. गंमत अशी की बंगळूरच्या बहुभाषिकतेचा एक जुना साक्षीदार मराठीकडेच आहे. १६३८मध्ये रणदुल्लाखानाने ते शहर जिंकल्यावर शहाजीराजांचा मुक्काम तेथे पडला, आणि त्यांच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त आहे. वि. का. राजवाडे यांनी संपादून प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथात कवी वेगवेगळ्या भाषांत राजाची स्तुती करतात, आणि राजाला त्या सगळ्या कळतात असा भाव आहे. दरबारातली बहुभाषिकता वरून खाली पाहणारी होती. स्तुती कोणत्याही भाषेत असली तरी ती समजते. कार्नाडांच्या नाटकातली बहुभाषिकता खालून वर जाणारी आहे, आणि तेथे समजणे हीच दुर्मीळ गोष्ट आहे.

२००४ साली बंगळूरच्या जे. पी. नगरमध्ये 'रंगशंकर' हे नाट्यगृह उभे राहिले. शंकर नाग यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांनी चिकाटीने उभारलेले हे घर. दोघेही मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडलेले, पुढे कन्नडचे झालेले. तिकीट परवडणारे ठेवणे आणि प्रयोग ठरल्या वेळी सुरू करणे या दोन गोष्टींबद्दल हे नाट्यगृह ओळखले जाते. अशा प्रेक्षागृहात 'बेंद काळु'सारखे नाटक पाहताना कोण कुठे बसले आहे, हे लक्षात घेतले की नाट्यशास्त्रातल्या दैवी सिद्धीची आठवण पुन्हा होते. प्रयोग संपल्यावर सभागृहात पसरणारी निःशब्दता सिद्धीची की अवघडलेपणाची, हे बाहेरून सांगता येत नाही. प्रेक्षागृहात अंजना असतात, कुणाल असतात, प्रभाकरही असतो. विमलेची सुट्टीची वेळ आणि प्रयोगाची वेळ जुळत नाही; संध्याकाळी साडेसातला ती शहराच्या दुसऱ्या टोकाकडे जाणाऱ्या बसमध्ये उभी असते.